मोठा इंटरकूलर : गरज की हौस?

प्रास्ताविक

दिल्लीतील कश्मीरी गेट येथील मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार उत्तर भारतात प्रसिद्ध आहे. नवीन गाडी घेतलेला किंवा जुन्या गाडीला नवे बळ देऊ पाहणारा वाहनधारक कधी ना कधी या बाजारात येतो. मोटारीचा जवळजवळ कोणताही भाग तेथे मिळू शकतो. तो भाग आपल्या गाडीला आवश्यक आहे किंवा नाही, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. या पाठात अशाच एका निर्णयाचा विचार केला आहे. टर्बो इंजिनाच्या मोटारीला मूळच्यापेक्षा मोठा इंटरकूलर बसवावा का, हा तो प्रश्न होय.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
- टर्बोचार्जर व इंटरकूलर यांचे कार्य सांगता येईल;
- खर्चाचा निर्णय मोजमापाच्या आधारे कसा घ्यावा, हे स्पष्ट करता येईल;
- वाहनातील बदलांसंबंधीच्या कायद्याची माहिती देता येईल.

१. दाब आणि उष्णता

इंजिनात इंधन जाळण्यासाठी हवा लागते. जितकी अधिक हवा आत जाईल, तितके अधिक इंधन जाळता येते आणि तितकी अधिक शक्ती मिळते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू वाया जाऊ न देता त्याच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने ताजी हवा दाबून आत ढकलावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी मांडली. १९०५ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. हाच आजचा टर्बोचार्जर.

परंतु हवा दाबली की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते, हा अनुभव सर्वांनाच आहे. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे दाबून मिळवलेला लाभ काही अंशी हातचा जातो. शिवाय पेट्रोल इंजिनात फार गरम हवा गेली, तर इंधन अवेळी पेटून इंजिनाला इजा पोहोचू शकते. म्हणून टर्बोचार्जर आणि इंजिन यांच्यामध्ये दाबलेली हवा थंड करणारे एक साधन बसवतात. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि पातळ पाती यांनी बनलेल्या, रेडिएटरसारख्या दिसणाऱ्या या साधनाला इंटरकूलर म्हणतात. बहुतेक मोटारींत बाहेरून वाहणारा वाराच त्याला थंड ठेवतो.

२. आकडे काय सांगतात?

दिल्लीचा उन्हाळा कडक असतो. २९ मे २०२४ रोजी सफदरजंग येथे ४६.८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. हिशेबासाठी बाहेरची हवा ४५ अंशांची आहे, असे समजू. टर्बोचार्जरने तिचा दाब १.८ पट केला आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवेचे तापमान सुमारे १२८ अंशांपर्यंत चढते. म्हणजे ८३ अंशांची वाढ झाली. मूळच्या इंटरकूलरने या वाढीपैकी ७० टक्के उष्णता काढून घेतली, तर इंजिनात जाणारी हवा सुमारे ७० अंशांची असेल. मोठ्या इंटरकूलरने ८५ टक्के उष्णता काढली, तर ती सुमारे ५७ अंशांची असेल.

तेरा अंशांचा हा फरक मोठा वाटतो. पण हवेची घनता निरपेक्ष तापमानावर, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून येणाऱ्या तापमानावर अवलंबून असते. त्या हिशेबाने मोठ्या इंटरकूलरमुळे हवा फक्त सुमारे ४ टक्क्यांनी अधिक दाट होते. उलट इंटरकूलर मुळीच नसणे आणि मूळचा इंटरकूलर असणे, यांतील फरक सुमारे १७ टक्क्यांचा आहे. उत्पादकाने दिलेल्या भागाने बहुतांश काम आधीच केलेले असते, हे यावरून लक्षात येते.

जानेवारीतील पहाटे बाहेरची हवा ५ अंशांची असेल, तर तोच मूळचा इंटरकूलर इंजिनाला सुमारे २७ अंशांची हवा देतो. ही हवा मे महिन्यातील हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी दाट असते. उन्हाळ्यात मंदावलेली गाडी हिवाळ्यात आपोआप चपळ वाटते, त्याचे मुख्य कारण हेच. ऋतू जे देतो, ते मोठा इंटरकूलर देऊ शकत नाही.

३. एक उदाहरण

फरीदाबादहून रोज नोएडातील कार्यालयात जाणाऱ्या एका मराठी तरुणाची कल्पना करा. त्याची टर्बो पेट्रोल मोटार चार वर्षांची आहे. मे महिन्यात ती पूर्वीसारखी वेग घेत नाही, असे त्याला वाटते. मोठ्या इंटरकूलरसाठी त्याने पैसे साठवले आहेत. तो आपल्या निवृत्त अभियंता मामांना विचारतो.

“मामा, हा भाग बसवला की गाडीचा दम वाढेल ना?”

“वाढेल की नाही, ते नंतर पाहू. आधी सांग, दम कमी झालाय हे तू कशावरून ठरवलंस?”

“चालवताना जाणवतं.”

“जाणवतं, ते खरं असेल. पण कधी, कुठे, किती वेळ चालवल्यावर, हे आठवडाभर वहीत लिही. मग बोलू.”

तरुण वही ठेवतो. गाडीच्या निदान-जोडणीत एक छोटे यंत्र लावून तो इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमानही नोंदवतो. मोकळ्या रस्त्यावर ते बाहेरच्या तापमानापेक्षा थोडेच अधिक असते. मथुरा रस्त्यावरील वाहतूक कोंडीत मात्र ते चढत जाते, कारण गाडी उभी असताना इंटरकूलरला वारा मिळत नाही. तेथे मोठा इंटरकूलरही तापणारच, आणि जड असल्यामुळे एकदा तापल्यावर थंड होण्यास अधिक वेळ घेणार.

मग मामांच्या सांगण्यावरून कार्यशाळेत तपासणी होते. दाब देऊन पाहिल्यावर रबरी नळीवरचा पट्टा सैल झाल्याचे आढळते. तेथून दाबलेली हवा निसटत होती. इंटरकूलरच्या पात्यांत आंधीची धूळ आणि किडे दाटून बसलेले असतात. हवेचा फिल्टरही काळवंडलेला असतो. पट्टा आवळला जातो, पाती साफ होतात आणि फिल्टर बदलला जातो. या सगळ्याचा खर्च नव्या इंटरकूलरच्या तुलनेत किरकोळ असतो.

हे उदाहरण कल्पित असले, तरी यातील दोष कोणत्याही टर्बो मोटारीत आढळणारे आहेत. मोठा इंटरकूलर बसवूनही सैल पट्टा सैलच राहिला असता.

४. मग तो कोणाला हवा?

मोठा इंटरकूलर निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर आहे. तेथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. अशा धावपट्टीवर फेऱ्यांमागून फेऱ्या पूर्ण वेगाने मारल्या, तर मूळचा इंटरकूलर तापतो आणि इंजिनाचा संगणक सुरक्षिततेसाठी शक्ती कमी करतो. तेथे मोठा भाग उपयोगी पडतो. टर्बोचा दाब मूळच्यापेक्षा वाढवलेल्या इंजिनालाही तो लागू शकतो. दैनंदिन वापरात मात्र अनेक आधुनिक मोटारींचा संगणक शक्ती ठरावीक मर्यादेतच ठेवतो. त्यामुळे थंड हवा मिळाली, तरी शक्ती वाढेलच असे नाही.

काही तोटेही ध्यानात घ्यावे लागतात. रेडिएटर व वातानुकूलन यंत्रणेच्या वाटेचा वारा मोठा इंटरकूलर अडवू शकतो. जागा करण्यासाठी बंपरमागील आघात सोसणारी पट्टी कापली, तर अपघातात मिळणारे संरक्षण घटते. उत्पादकाची हमी नाकारली जाण्याचा संभवही असतो.

५. कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अननुज्ञेय बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून बदल लहान वाटला, तरी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारणा करावी.

राजधानी परिसरात वाहनाचे वयही महत्त्वाचे ठरते. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित अधिकरणाने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केले. २०२५ मध्ये त्यासंबंधी न्यायालयाचे पुढील आदेशही झाले. जुन्या गाडीवर मोठा खर्च करण्यापूर्वी त्या वेळचा नियम पाहणे हिताचे ठरते.

समारोप

उदाहरणातील तरुणाने साठवलेले पैसे तूर्त तसेच ठेवले. पुढे धावपट्टीवर जाण्याची वेळ आली, तर विचार करता येईल, असे त्याने ठरवले. वही मात्र त्याने गाडीतच ठेवली.

स्वाध्याय

१. हवा दाबल्यावर टर्बोचा लाभ काही अंशी का कमी होतो?
२. वाहतूक कोंडीत मोठ्या इंटरकूलरचा उपयोग का होत नाही?
३. ‘आधी मोजमाप, मग खर्च’ हे सूत्र तुमच्या घरातील एखाद्या खरेदीला लावून आठ-दहा ओळी लिहा.
४. मामा आणि भाचा यांच्यातील पुढील संवाद तुमच्या शब्दांत लिहा.