राजधान्या आणि आपला मुलूख : एक अभ्यास



डहाणू तालुक्यातील कैनाड येथे सातवीच्या मुलांना मी प्राचीन भारताचा धडा शिकवीत होतो. फळ्यावर तीन नावे लिहिली : पाटलीपुत्र, प्रतिष्ठान, मान्यखेट. मागच्या बाकावरील एका वारली मुलाने विचारले, "गुरुजी, सगळे राजे लांबच राहिले. आमच्या गावाला इतिहास नाही का?"

मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. मीदेखील इतिहास शिकलो तो राजधान्यांच्या क्रमानेच. राजधानी बदलली की पुस्तकाचे पान उलटावयाचे, एवढेच माहीत. परंतु ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर किंवा डोंगरात ठेवले, त्यांनी तरी इतिहास केवळ सिंहासनाकडून पाहू नये. म्हणून तोच प्रश्न घेऊन आज आपण अभ्यास करू.

१. पाटलीपुत्राचा आवाज सोपाऱ्यात

मगधाची राजधानी प्रथम राजगृहास होती, पुढे ती पाटलीपुत्रास आली. तथागतांनी शेवटच्या प्रवासात गंगाकाठचे पाटलीग्राम पाहिले. हे मोठे नगर होईल, पण त्यास आग, पाणी आणि आपसातील फूट अशी तीन भये राहतील, असे त्यांनी सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आले आहे. नगर मोठे झाले. अशोकाच्या काळी, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, ते जवळजवळ साऱ्या भारताची राजधानी होते. इ. स. च्या सातव्या शतकात युआन श्वांग तेथे गेला तेव्हा त्यास प्रामुख्याने भग्नावशेषच दिसले.

आता आपल्याकडे पाहा. आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात, सोपारा आहे. जुने नाव शूर्पारक. हे अपरान्ताचे, म्हणजे उत्तर कोकणाचे, मुख्य नगर आणि मोठे बंदर. सुनापरान्तात धम्म नेणारा भिक्खू पुण्ण येथलाच, अशी परंपरा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकरला. लोक त्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. स्तूप विसरला गेला होता आणि बुरुडाचा कोट तेवढा लक्षात राहिला होता! त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे सापडला.

आठव्या लेखात आहे तरी काय? पूर्वीचे राजे शिकारीसाठी व मौजेसाठी फिरावयास निघत. अशोक मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीस, म्हणजे बुद्धगयेस, गेला आणि तेथून धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व दान, वृद्धांची भेट व साहाय्य आणि जनपदातील लोकांना भेटून धम्माविषयी बोलणे, असे तिचे स्वरूप. सिंहासनावर बसून लोकांना बोलावून घेणारा राजा नव्हे, तर खेड्यातील माणसाकडे चालत जाणारा राजा येथे दिसतो. ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर दगडात कोरली होती, हे मुलांना सांगितले पाहिजे.

२. नाशिकच्या लेण्यात डहाणू

मौर्य गेले, सातवाहन आले. मध्ये काही काळ क्षहरात क्षत्रप नहपान याने हा मुलूख घेतला. त्याचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आहे. त्यात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट नावांची सोय केल्याचे लिहिले आहे. दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्या, असेही आहे. दाहनुका म्हणजे आपली डहाणूची नदी. सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपले पूर्वज या नावेतून पैसा न देता पलीकडे गेले असतील. मुलाच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

उषवदाताने नाशिकच्या भिक्खुसंघास लेणे दिले आणि ३००० कार्षापणांची ठेवही ठेवली. २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. राजाची ठेव ज्यांच्याकडे विश्वासाने राहते ते विणकर! कष्टकऱ्याचा हा दर्जा आपण ध्यानात ठेवावा.

३. दान आणि धम्म एकच नव्हेत

पुढे प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. राज्य बदलले, चांदी तीच राहिली.

गौतमीपुत्राने उषवदाताकडील जमीन भिक्खूंना दिली. त्याची आई गौतमी बलश्री हिने संघास भव्य लेणे दिले. आपण येथेच थांबलो तर या राजास धम्माचा राजा म्हणून मोकळे होऊ. पण बलश्रीचाच लेख पुढे वाचा. त्यात गौतमीपुत्राची थोरवी सांगताना, त्याने चार वर्णांचा संकर थांबविला, असे अभिमानाने कोरले आहे. भिक्खूंना लेणे द्यावयाचे आणि समाजात वर्णाची भिंत पक्की करावयाची! वाचकहो, हा धडा जुना झालेला नाही. आजही विहारास देणगी देणारा हात घरच्या लग्नात पोटजात शोधतो. दानाने विहार उभा राहतो. धम्म उभा राहतो तो समतेने.

४. मान्यखेट आणि चिंचणीचा ताम्रपट

राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. तेथून आपल्या मुलखावर राज्य कसे चाले, हे डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे १९५५ साली मिळालेल्या ताम्रपटांवरून कळते. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६, चा ताम्रपट तिसऱ्या इंद्राच्या काळचा आहे. तेव्हा संजानच्या मंडलाचा कारभारी मधुमती ऊर्फ सुगतिप हा ताजिक, म्हणजे अरब, होता. त्यानेही नद्यांवर फुकट नाव आणि संजानला अन्नछत्र सुरू केले.

याच ताम्रपटाने देवीच्या मठिकेच्या खर्चासाठी काणाडुक नावाचे गाव दान दिले आहे. हे नाव ऐकताच वर्गातील मुले "कैनाड!" म्हणून ओरडली. नावांच्या साम्यावरून गाव सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितले. पण मग त्याच मुलाने विचारले, "गुरुजी, गाव दिलं तेव्हा गावातल्या लोकांना विचारलं का?" इतिहासाचा खरा अभ्यास येथून सुरू होतो. राजाने दिले असे आपण वाचतो, पण पिकविले कोणी, हे आपणच विचारले पाहिजे.

इ. स. ९७२ मध्ये परमार सीयकाने मान्यखेट लुटले आणि तीही राजधानी मोडली.

५. शेवटी

राजधानी म्हणजे सत्तेचा मुक्काम. तो हलतो. आपल्या कचेऱ्या २०१४ पर्यंत ठाण्यास होत्या, आता जिल्ह्याचे ठिकाण पालघर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली, तेव्हा नागपूर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे अवघ्या अठरा दिवसांनी, तो मान गेला. दीक्षाभूमीचे महत्त्व त्याने तसूभर कमी झाले नाही. लाखो माणसे तेथे जातात ती राजधानी पाहावयास नव्हे.

म्हणून आपल्या मुलांना एकदा सोपाऱ्याचा स्तूप आणि नाशिकची लेणी दाखवा. लेखात डहाणूचे नाव आहे, हे सांगा. आपण इतिहासाच्या बाहेरचे नाही, हे त्यांना कळू द्या.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न :

१) अशोकाची धम्मयात्रा आणि पूर्वीच्या राजांची विहारयात्रा यांत फरक काय?
२) बलश्रीच्या लेखातील दान आणि वर्णाभिमान यांची संगती कशी लावाल?
३) आपल्या गावातील नदी, टेकाड, पाडा यांच्या जुन्या नावांची यादी वडीलधाऱ्यांना विचारून तयार करा.

जय भीम!