दंडावरची चकती व घरची झोप

मधुमेह हा उतारवयाचा व सुखवस्तू माणसांचा रोग, अशी आपल्या इकडे पुष्कळांची समजूत आहे. सांगावयास संकोच वाटतो, परंतु काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचीही तशीच होती. म्हणूनच पाठ चालू असता एका मुलाने बाकाखाली वाकून बिस्कीट तोंडात टाकलेले पाहताच आम्ही त्यास उभे केले. तो उभा राहिला. पण त्याचे हात थरथरत होते, कपाळ घामाने डबडबले होते, आणि अगदी साध्या प्रश्नाचे उत्तर त्यास देता येईना. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, त्याची साखर उतरली आहे." हा धडा आम्हांस आमच्याच वर्गात मिळाला.

हा मुलगा नांदेड-लातूर रस्त्यावरील एका खेड्यातला. त्यास झालेला मधुमेह पहिल्या प्रकारचा होय. यात शरीराची संरक्षक शक्तीच चुकून स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. गोड खाल्ल्याने हा रोग होत नाही, आईबापांच्या हयगयीने होत नाही, आणि पथ्याने वा काढ्याने बराही होत नाही. इन्सुलिन बाहेरूनच द्यावे लागते. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरंटो येथे लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले बहुधा वर्ष-दोन वर्षांतच दगावत.

इन्सुलिनने प्राण वाचले, पण काळजी घरात राहावयास आली. इन्सुलिन थोडे अधिक झाले, जेवण थोडे कमी पडले किंवा खेळ जास्त झाला, की रक्तातील साखर सत्तरच्या खाली घसरते. फारच घसरली तर मूल बेशुद्ध पडते. दिवसा ते सांगू तरी शकते. झोपेत काय सांगणार? या मुलाची आई रात्री दोनदा गजर लावून उठे, दिव्याच्या उजेडात त्याचे बोट टोचून थेंब तपासी आणि मग अंथरुणावर पडून पहाटेची वाट पाही. तीन वर्षे तिने सलग झोप घेतली नव्हती.

पुढे त्याच्या दंडावर सेन्सर आला. शब्दकोशात यास 'संवेदक' म्हणतात. घरी मात्र आजीदेखील सेन्सरच म्हणते. नाण्याहून थोडी मोठी अशी ही चकती दंडाच्या मागील बाजूस चिकटवितात. तिचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली जाऊन तेथील पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजीत राहतो आणि आकडा मोबाईलवर उमटतो. साखर घसरू लागली तर गजर होतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा आकडा रक्तातील नव्हे. रक्तात झालेला बदल त्या द्रवात पोहोचावयास काही मिनिटे लागतात. म्हणून उतरलेल्या साखरेवर तीन चमचे साखर दिली, तरी चकती काही वेळ खालचाच आकडा दाखविते. घाबरून आणखी साखर भरविली, तर तासाभराने ती अडीचशेच्या वर गेलेली दिसते. शंका आली की बोटाचा थेंबच पाहावा.

ही चकती आल्याने कुटुंबे समाधानी होतात काय? याचे उत्तर आम्हांस चमत्कारिक वाटले. अमेरिकेत चार ते दहा वर्षांच्या आतील १४६ मुलांवर केलेली एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी पाहता, यंत्र वापरणाऱ्या मुलांची तीन महिन्यांची सरासरी साखर इतरांपेक्षा सुधारलेली आढळली नाही. तरी त्यांचे आईबाप यंत्रावर अतिशय प्रसन्न होते! २०२१ साली त्याहून लहान मुलांवरील दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली, तोवर यंत्रेही सुधारली होती. तीत साखर योग्य मर्यादेत राहण्याचा काळ फारसा वाढला नाही, परंतु ती धोक्याइतकी उतरण्याचा काळ जवळजवळ निम्म्यावर आला. आईबापांस काय हवे होते, ते यावरून कळते. डॉक्टरांच्या कागदावरील सरासरी त्यांस नको होती असे नाही. पण त्याआधी त्यांस रात्र हवी होती.

दुसरे समाधान ताटातले. आपल्या भागात येळवशीला सारे घर शेतात जेवते. पूर्वी या मुलाच्या वाट्यास भज्जी-भाकरी येई. गुळाची खीर समोरून पुढे जाई. गेल्या येळवशीला त्यांनी आम्हांस शेतावर बोलाविले होते. आईने अर्धी वाटी खीर मोजून वाढली, त्या बेताने इन्सुलिन आधी दिले, आणि मग मोबाईलवरची रेघ चढून परत उतरताना आम्ही सर्वांनी पाहिली. आजीने तर त्या रेघेस हात जोडले.

असो. या समाधानास किंमत पडते. एक चकती चौदा दिवस चालते आणि तिला चार-पाच हजार रुपये पडतात. म्हणजे साधारण एक क्विंटल सोयाबीन. वर्षभर लावावयाची तर सव्वीस चकत्या! या घरास महिन्याला एकही जड जाते. शिवाय आमचा उन्हाळा. चैत्र-वैशाखात घामाने ती मुदतीपूर्वीच सुटते.

आणि आणखी एक किंमत आहे, जी पावतीवर येत नाही. वर सांगितलेल्या पाहण्यांत प्रसन्न कोण होते? आईबाप. आमचा विद्यार्थी एकदा म्हणाला, "सर, आई पूर्वी विचारायची, 'कसा आहेस?' आता विचारते, 'किती आहे?'" आकडा वाढला की घरी चौकशी सुरू होते: काय खाल्लेस, कोणी दिले? आम्ही ही गोष्ट त्याच्या वडिलांच्या कानावर घातली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

शाळांनाही यात काही करावयाचे आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली अशा विद्यार्थ्यांस परीक्षेच्या दालनात खाद्यपदार्थ व पाणी नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली राज्यांस लिहून वर्गात साखर तपासणे, इन्सुलिन घेणे व खाणे यांस मोकळीक असावी असे सुचविले. पण पर्यवेक्षकास हे ठाऊक नसेल, तर दंडावरची चकती पाहून तो कॉपीचाच संशय घेणार. बिस्किटावरून आम्ही काय केले, ते वर आलेच आहे.

गतवर्षी वेरूळची सहल निघाली. महिन्याची एकच चकती. ती परीक्षेच्या दिवसांत लावावी असे आईचे मत, मुलास मात्र ती सहलीसाठी हवी होती. याआधी तो कधी घराबाहेर एक रात्रही राहिला नव्हता. शेवटी सहल ठरली. मोबाईल आमच्या उशाशी राहिला, आणि तेच आकडे गावी आईलाही दिसत होते. पहाटे दोनला गजर झाला: अडुसष्ट. आम्ही धडपडत दिवा लावतो तोच आईचा फोन. मुलास उठवून बोट टोचले, साखरेचे पाणी पाजले, पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब पाहिला. त्र्याण्णव. तो लगेच कुशीवर वळून झोपला. आम्ही मात्र उजाडेपर्यंत तो आकडा पाहत बसलो.

सकाळी तो कैलास लेण्याभोवती सर्वांच्या पुढे धावत होता, आणि आम्ही एका खांबास टेकून डुलक्या घेत होतो.