चकाकीखालची ओल

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने एक अफलातून उद्योग केला. सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल आणि त्याला घरच्या घरी जोडता येईल, अशी शिडाची होडी बाजारात आणली. आराखडा होडीशिल्पी जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरदुरुस्तीचे धडे देणारे बॅरी बकनेल या जोडीचा. प्लायवूडचे कापलेले भाग तांब्याच्या तारेने टाचायचे, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची, की झाली होडी! जेमतेम ३.३ मीटर लांबीच्या, लाल शिडांच्या अशा ७० हजारांवर ‘मिरर’ बांधल्या गेल्या.

त्यांतल्या जुन्या होड्या आजही हातोहात फिरतात. नवा मालक सर्वांत आधी खरेदी करतो तो वॉर्निशचा डबा, आणि गफलत तिथेच होते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणाऱ्या एका मराठी अभियंत्याने अशीच एक ‘मिरर’ घेतली. डेकवरच्या वॉर्निशचे पोपडे निघाले होते. त्याने ते खरवडले, पॉलिश पेपर फिरवला आणि एका शनिवार-रविवारात वॉर्निशचे जाड हात मारून मोकळा झाला. होडी झळाळली, शेजाऱ्यांनी फोटो काढले. पुढचा हिवाळा सरला तेव्हा डेकच्या कडा काळवंडल्या होत्या, वॉर्निश फुगले होते आणि नाकाजवळच्या फळीत स्क्रूड्रायव्हरचे टोक पेढ्यात रुतावे तसे रुतले.

वॉर्निश निकृष्ट नव्हते. ज्या लाकडावर ते चढवले, ते आतून ओले होते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळे होते. वरून जाड थर बसल्यावर ती ओल बाहेर पडायची वाटच बंद झाली. शिवाय या होडीत तरंगण्यासाठी हवेचे बंदिस्त कप्पे असतात. त्यांची बुचे हिवाळाभर लावलेलीच राहिली आणि आतल्या ओलीला वारा म्हणून मिळाला नाही.

समुद्राच्या पाण्याने होडी कुजते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात खारे पाणी बुरशीला फारसे मानवत नाही. खरा वैरी पावसाचे गोडे पाणी. ताडपत्रीला झोळ पडला, की ते साचते, कोपऱ्यात मुरते आणि महिनोन्महिने सुकत नाही.

म्हणून ब्रश हातात घेण्याआधी होडी ठोकून पाहावी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत गेले, की चांगले लाकूड खणखणीत बोलते आणि कुजलेले बद्द वाजते. कुजलेला भाग कापून नवे लाकूड बसवण्याला पर्याय नाही. त्यावर काही ओतून तो ‘घट्ट’ करण्याचे सल्ले बरेच मिळतात; ते ऐकू नयेत.

पाणी फळीच्या सपाट अंगातून क्वचितच शिरते. ते शिरते प्लायच्या उघड्या कडांतून, लाकडाच्या आडव्या कापातून आणि स्क्रूच्या भोकांतून. त्यामुळे कड्या, पट्ट्या, कप्प्या सगळे काढूनच काम करावे. त्यांच्या भोवतीने ब्रश फिरवणे म्हणजे निव्वळ रंगसफेदी. भोक थोडे मोठे करायचे, इपॉक्सीने भरायचे आणि ते घट्ट झाल्यावर त्यातच नवे भोक पाडायचे. म्हणजे स्क्रू ढिला झाला, तरी पाण्याची गाठ लाकडाशी नव्हे, इपॉक्सीशी पडते. कडांनाही इपॉक्सी पाजावे. मात्र उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी खराब होते, म्हणून त्यावर ते किरण अडवणारे वॉर्निश हवेच. इपॉक्सी घट्ट होताना पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो. तो साध्या पाण्याने धुवावा आणि मगच घासावे. नाहीतर वरचा हात नीट धरत नाही.

वॉर्निशचा पहिला हात उघड्या लाकडावर टर्पेंटाइन घालून पातळ करावा, म्हणजे तो आत मुरतो. पुढचे हात हळूहळू दाट, आणि प्रत्येक दोन हातांच्या मध्ये हलकी घासणी. पाच-सहा पातळ हातांना जे जमते, ते दोन जाड हातांना जमत नाही. डबा हलवू नये, बुडबुडे येतात. कडक उन्हात वर साय धरते, तर संध्याकाळच्या दवाने चमक मरते. कोरडी सकाळ उत्तम. घासायला साधे स्टील वूल वापरले, तर त्याचे कण लाकडात अडकून गंजतात आणि डाग पडतात. आणखी एक इशारा, होडीपेक्षा घरासाठी: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवावीत.

आपल्याकडे ‘सागवान आहे, काही होत नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येते. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले सागवानी ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, हे खरे. पण सागवानातले नैसर्गिक तेलच वॉर्निश नीट धरू देत नाही. ते थिनरने पुसून लगेच हात मारावा लागतो. घरातल्या कपाटाला शोभणारे लाखेचे फ्रेंच पॉलिश तर पाण्याने पांढरे पडते. होडीला ते लावूच नये. प्लाय घ्यायचे तर आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय, आणि कोकणपट्टीत हे काम पावसाळ्यात काढू नये.

आणि होडी बारमाही उघड्यावर राहणार असेल, तर वॉर्निशचा हट्टच सोडावा. रंगातले रंगद्रव्य सूर्यकिरण लाकडापर्यंत पोहोचू देत नाही. पारदर्शक वॉर्निशला ते तितकेसे साधत नाही. होडीच्या अंगाला आणि डेकला सरळ रंग द्यावा. वॉर्निश ठेवावे ते सुकाणू, डोलकाठी, वल्ही अशा सुट्या होऊन घरात येणाऱ्या वस्तूंपुरते.