५जी आहे, पण कोणतं?

फोनच्या दुकानात आज गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो ‘५जी आहे ना?’ हा. उत्तर ‘आहे’ असं येतं आणि ते खरंही असतं. पण तेवढ्यावर विसंबून पैसे मोजू नका, हे मी घरच्या अनुभवावरून सांगते.

माझा दादा गुहागर तालुक्यात राहतो. त्याने २०२१मध्ये ५जी फोन घेतला. तेव्हा देशात ५जी सुरूच झालेलं नव्हतं. पण पुढे येणार आहे आणि फोन चार-पाच वर्षं वापरायचा आहे, म्हणून त्याने जास्तीचे पैसे मोजले. १ ऑक्टोबर २०२२ला देशात सेवा सुरू झाली, यथावकाश गावातही आली. शेजाऱ्यांच्या त्याहून स्वस्त फोनवर ५जी दिसू लागलं, दादाच्या फोनवर मात्र ४जीच. त्याने सिम बदललं, सगळी सेटिंग्ज धुंडाळली, चिपळूणच्या सर्व्हिस सेंटरला फेऱ्या मारल्या. ‘फोनमध्ये दोष नाही’ एवढंच सांगण्यात आलं. शेवटी शेजाऱ्याच्या फोनवर आम्ही नेटवर्कची माहिती देणारं अ‍ॅप उघडलं आणि दादाच्या फोनचा तपशील कंपनीच्या संकेतस्थळावर वाचला, तेव्हा उलगडा झाला. गावात ५जी मिळत होतं ते एन२८ या बँडवर. दादाच्या फोनमध्ये ५जीचा एकच बँड होता, एन७८.

बँड म्हणजे रेडिओलहरींचा ठरावीक पट्टा. एन७८ म्हणजे आपल्याकडचा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा. वेग उत्तम, पण पल्ला कमी. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. वेग बेताचा, पण लहरी लांब जातात आणि भिंतींतून आतही चांगल्या शिरतात. २०२२च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ एकट्या जिओने घेतला. शिवाय जिओचं ५जी ४जीच्या आधाराशिवाय, स्वतंत्रपणे चालतं. त्याला ‘स्टँडअलोन’ म्हणतात. एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधारावर केली. त्यामुळे एकाच फोनवर एका सिमचं ५जी चालायचं, दुसऱ्याचं नाही. बँड असूनही फोन कंपनीचं अपडेट येईपर्यंत थांबावं लागलं, असंही झालं. भारतातल्या आयफोनना ५जी मिळालं ते डिसेंबर २०२२मध्ये.

म्हणून फोन घेण्याआधी आपल्या घरी कोणतं सिम चालतं आणि ते कोणत्या बँडवर चालतं हे पाहा. मग फोनच्या भारतातल्या मॉडेलचा तपशील उघडून ते बँड आणि ‘एसए’ (म्हणजे स्टँडअलोन) हा शब्द त्यात आहे का ते तपासा. अमेरिकेतून कुणी नातेवाईक फोन आणणार असतील तर जास्तच जपा. तिकडच्या मॉडेलचे बँड वेगळे असू शकतात. आयफोन १४पासून तर तिथल्या आयफोनमध्ये सिम घालायची जागाच नाही, फक्त ई-सिम चालतं.

५जीइतकंच महत्त्वाचं आहे वायफाय कॉलिंग. आमच्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात माजघरात रेंज येत नाही, पण फायबरचं वायफाय आहे. एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये ही सोय सुरू केली. फोनमध्ये ती असेल तर अंगणात न जाता बोलता येतं. म्हाताऱ्या माणसांना याचा उपयोग ५जीपेक्षा अधिक. शहरात फ्लॅटमध्ये राहत असाल तर फोनचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर चालतं का तेही विचारा, इमारतीत २.४वर शेजारपाजारच्या राउटरची गर्दी असते.

एनएफसीसाठी, म्हणजे फोन टेकवून पैसे देण्याच्या सोयीसाठी, पैसे वाढवण्याआधी विचार करा. क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआयने पैसे द्यायला ते लागत नाही. फोन टेकवून कार्डाचे पैसे द्यायचे असतील, तरच ते घ्या. वायरलेस चार्जिंगही सोयीचं, पण त्यात काही वीज उष्णतेत वाया जाते आणि पॅड बहुधा वेगळं विकत घ्यावं लागतं.

आणि एफएम रेडिओ विसरू नका. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत वीज गेली, टॉवर बंद पडले. अशा वेळी जिथे एफएमचं प्रसारण पोहोचतं, तिथे इंटरनेटशिवाय बातमी कळते. २०२३मध्ये केंद्र सरकारनेही फोन कंपन्यांना ही सोय चालू ठेवायला सांगितलं. त्यासाठी वायरवाला इअरफोन लागतो, कारण त्याची वायरच अँटेनाचं काम करते.

दुकानदाराला बँड सांगता आले नाहीत, तर त्या दिवशी फोन घेऊ नका. घरी या, तपशील वाचा, आणि आपल्या गावात, आपल्या घरात जे चालतं त्याचेच पैसे द्या.