बहामनी हे नाव कुठून आले?

दिल्लीच्या महंमद तुघलकाविरुद्ध दख्खनच्या सरदारांनी बंड केले. त्यांतला हसन हा सरदार सन १३४७ मध्ये दौलताबादेस गादीवर बसला. राजधानी त्याने गुलबर्ग्यास नेली. त्याच्या घराण्याला बहामनी म्हणतात.

नावाची एक गोष्ट सांगतात. हसन दिल्लीच्या गंगू ब्राह्मणाकडे चाकरीला होता. शेत नांगरताना मोहरांचं भांडं लागलं. त्याने ते इमानाने मालकाला दिलं. गंगू ज्योतिषी होता. तो म्हणाला, "तू राजा होशील. तेव्हा माझं नाव लाव." म्हणून ब्राह्मणावरून बहामनी!

गोष्ट गोड आहे. पण ती फेरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहिली, हसननंतर सुमारे अडीचशे वर्षांनी.

आपल्या अंबरनाथचंच पाहा ना. शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं म्हातारी माणसं सांगतात. पण देवळातल्या लेखात शके ९८२, म्हणजे सन १०६० कोरले आहे. राजाचे नाव आहे शिलाहार माम्वाणी.

तसाच हसनचाही पुरावा आहे. त्याने स्वतः पाडलेल्या नाण्यांवर 'बहमन शाह' असे नाव आहे. बहमन हा इराणच्या जुन्या कथांतला राजा. आपण त्याच्या वंशातले, असा हसनच्या घराण्याचा दावा. तो खरा मानायचे कारण नाही. नव्या राजाला मोठे कूळ लागतेच! पण बहामनी हे नाव आले ते या बहमनवरून. गंगूचे नाव त्या नाण्यांवर नाही.