ओटा तोच, स्वयंपाकघर नवे

स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचे अंदाजपत्रक हाती आले की मध्यमवर्गीय कुटुंबापुढे बहुधा दोनच पर्याय उभे राहतात : कर्ज काढणे किंवा बेत रहित करणे. समजा, ६०,००० रुपयांचे कर्ज वार्षिक १२ टक्के दराने २४ महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २,८२४ रुपये पडतो आणि व्याजापोटी जवळजवळ ७,८०० रुपये जातात. ओटा व कपाटे मुळात भक्कम असतील आणि घरातील माणसे चार रविवार हात लावण्यास तयार असतील, तर साहित्याचा बराचसा खर्च या व्याजाएवढ्या रकमेतच बसू शकतो.

सुरुवात मात्र रंगापासून करू नये. नळाचा वायसर, सिंकखालची गळती आणि भिंतीतील ओल यांचा बंदोबस्त आधी व्हावा. ओलसर भिंतीवर दिलेला रंग लवकरच फुगतो, त्याचे पोपडे निघतात आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

सर्वाधिक पालट घडतो तो कपाटांच्या दारांनी. दीड फूट रुंद व दोन फूट उंच अशी सहा दारे धरली, तर दोन्ही बाजू मिळून ३६ चौरस फूट होतात. दोन हातांसाठी एक लिटर ऑइल पेंट सहसा पुरतो. दारे उतरवून धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, ती पूर्ण वाळू द्यावीत, पॉलिश पेपरने घासावीत, मग प्रायमर व त्यावर रंग. घाई होते ती नेमकी घासण्यात! सनमायकाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर न घासता दिलेला रंग नखानेही निघतो. हे काम गॅलरीत करावे. टर्पेंटाइन ज्वालाग्राही असल्याने शेगडीजवळ तर नकोच.

जुना कडप्पा काढून ग्रॅनाइट बसवण्याचा मोह अनेकांना होतो. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर वा अॅसिड यांनी तो झिजून पांढुरका पडतो, आणि त्याचा दोष दगडाच्या वयाला दिला जातो. सौम्य साबणाने धुऊन, वाळवून तेलाचा पुसट हात फिरवला तरी त्याचा काळेपणा बराच परततो.

विजेचे नवे पॉइंट व गॅसची जोडणी ही कामे जाणकारांकडूनच करून घ्यावीत. येथे काटकसर महागात पडते. आयएसआय चिन्हाची ‘सुरक्षा’ नळी पाच वर्षांनी बदलावी. ओट्याखाली दारे बसवून सिलिंडर झाकण्याची पद्धत दिसायला नीटनेटकी असली, तरी स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो बंद कपाटात तळाशी साचतो. म्हणून त्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूस जाळी ठेवावी, अथवा तो कप्पा उघडाच राहू द्यावा.