सांगावे, पण लादू नये

(गीता, अध्याय १८, श्लोक ६३ च्या अनुषंगाने)

गीतेचा उपदेश समाप्तीस येत आहे. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी आहेत आणि अर्जुनाच्या निर्णयावर पुढील सर्व काही अवलंबून आहे. अशा आणीबाणीच्या प्रसंगी भगवान श्रीकृष्ण आपल्या शिष्याला अखेरीस काय सांगतात? अत्यंत गूढ असे ज्ञान आपण सांगितले आहे; आता अर्जुनाने त्याचा साकल्याने विचार करावा आणि नंतर त्याच्या इच्छेला येईल तसे वागावे, असा त्रेसष्टाव्या श्लोकाचा आशय आहे. वक्ता प्रत्यक्ष परमेश्वर, श्रोता त्याचा परम सखा आणि विषय धर्माधर्माचा. इतके असूनही निर्णयाचा अधिकार मात्र श्रोत्याच्याच हाती ठेवलेला आहे. गीतेचे नित्य पठण करणाऱ्या गृहस्थाने या श्लोकापाशी थोडे थांबावयास हवे.

कारण आपल्या घरांतून पुष्कळदा याच्या उलट घडते. वडील श्रद्धाळू असतात. पहाटे उठून गीतेचा एक अध्याय म्हटल्यावाचून पाणी घेत नाहीत. आपणांस लाभलेली शांती मुलासही लाभावी, ही त्यांची इच्छा अगदी शुद्ध असते. पण ती इच्छा हळूहळू आग्रहाचे रूप घेते. पाठ झाल्याखेरीज ताटावर बसावयाचे नाही, असा नियम होतो. मुलाने अर्थ विचारला तर ‘मोठा झालास म्हणजे कळेल’ असे उत्तर मिळते आणि शंका काढली तर तो उद्धटपणा ठरतो. पुढे मुलगा मिळवता होतो, परगावी राहू लागतो आणि सणावारी घरी आला की पहिल्याच संध्याकाळी वाद होतो. मग त्याचे येणेही कमी होते. वडिलांना वाटते, मुलाने गीता टाकली. वस्तुतः मुलाने गीता कधी हाती घेतलेलीच नसते. त्याच्या हाती आली होती ती केवळ सक्ती. ती त्याने टाकली आणि तिच्याबरोबर गीताही गेली.

हे दुःख लहान नाही. म्हणूनच स्वतः गीताकारांनी उपदेशाची कोणती रीत घालून दिली आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

विचारल्यानंतरच उपदेश

पहिल्या अध्यायात अर्जुन दीर्घकाळ बोलतो. त्याचे गात्र शिथिल होते, धनुष्य हातातून गळते, कुलक्षयाचे दोष तो एकामागून एक मांडतो. या संपूर्ण अध्यायात श्रीकृष्णांच्या मुखी एकच उद्गार आहे. जमलेल्या कौरवांकडे पाहा, एवढेच ते अर्जुनास सांगतात (१।२५). शोकाने व्याकुळ झालेल्या माणसाचे बोलणे ते मध्येच तोडीत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दौर्बल्य सोडण्याविषयी ते दोन श्लोकांत त्याला टोचून बोलतात खरे, परंतु तत्त्वज्ञानास तेथेही आरंभ होत नाही. आपण शिष्य होऊन शरण आलो आहोत, निश्चित श्रेयस्कर असेल ते सांगावे, अशी याचना अर्जुन जेव्हा करतो (२।७), त्यानंतरच अकराव्या श्लोकापासून उपदेशाचा ओघ सुरू होतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शिष्यत्व पत्करून झाल्यावरही, आपण युद्ध करणार नाही, असे सांगून अर्जुन गप्प बसतो (२।९). म्हणजे उपदेश मागणारा शिष्य आपला नकार आधीच जाहीर करून बसलेला आहे. भगवंतांना त्याचा राग येत नाही. उलट, जणू स्मित करीतच ते बोलू लागतात.

शंका हा अपराध नव्हे

पुढे अर्जुन वारंवार शंका काढतो. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तर, आपल्या बुद्धीला जणू घोटाळ्यात टाकणारे हे भाषण आहे, अशी तक्रारच तो गुरूपुढे करतो. पाचव्याच्या आरंभी तोच प्रश्न निराळ्या रूपाने पुन्हा येतो. सहाव्यात मनोनिग्रहाचा मार्ग ऐकून, हे वाऱ्यास बांधण्याइतके दुष्कर आहे, असे तो स्पष्ट म्हणतो. भगवंतांचे उत्तर पाहावे. मन आवरण्यास कठीण आहे याविषयी संशय नाही, हे ते प्रथम मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगतात (६।३५). शिष्याच्या अडचणीतील सत्यांश आधी स्वीकारावा आणि मग मार्ग दाखवावा, हा या संवादाचा नित्य क्रम आहे. ज्ञान मिळविण्याच्या साधनांमध्येही नम्रता आणि सेवा यांच्या मध्यभागी गीतेने प्रश्न विचारण्यास मानाचे स्थान दिले आहे (४।३४).

विश्वरूपानंतरचे सात अध्याय

अकराव्या अध्यायातील विश्वरूपदर्शन हा या विचारातील सर्वांत मार्मिक भाग होय. तेही अर्जुनाने मागितल्यावरच घडले. ते भयंकर रूप पाहून तो कंपित झाला, हात जोडून क्षमा मागू लागला. केवळ होकारच मिळवावयाचा असता, तर त्याहून सोयीचा क्षण कोणता होता? भयाने आणि विस्मयाने दबलेला मनुष्य कशासही मान तुकवतो. परंतु अर्जुनाच्या प्रार्थनेवरून भगवंतांनी ते रूप आवरून घेतले, पुन्हा सौम्य रूप धारण करून त्याला धीर दिला आणि त्यानंतर सात अध्याय शांतपणे विवेचन केले. बाराव्याच्या आरंभी अर्जुन पुन्हा पूर्ववत प्रश्न विचारतो, म्हणजे त्याची बुद्धी स्वस्थानी परत आलेली आहे. अशा स्वस्थ बुद्धीपुढेच अठराव्या अध्यायात निर्णय ठेवला जातो. भयातून निघालेला होकार हा विचारातून निघालेला नसतो आणि गीतेला विचार हवा आहे.

बुद्धिभेदाचा निषेध

तिसऱ्या अध्यायात ज्ञानी पुरुषाला एक स्पष्ट मर्यादा घालून दिलेली आहे. कर्मात आसक्त असलेल्या अज्ञ जनांचा बुद्धिभेद करू नये; स्वतः योगयुक्त राहून उत्तम आचरण करावे आणि त्यांनाही त्यात गोडी वाटेल असे करावे (३।२६). ज्याला पूर्ण कळले आहे त्याने अल्प कळलेल्यांना विचलित करू नये, असेही पुढे सांगितले आहे (३।२९). सासूच्या साध्या तुळशीपूजेस भोळेपणा म्हणून हसणारा विद्वान मुलगा आणि सुनेच्या निराळ्या उपासनेस दोष लावणारी सासू, दोघेही या निषेधाच्या कक्षेत येतात. ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करण्याची भक्ताला इच्छा असते, त्याच रूपावरील त्याची श्रद्धा आपण दृढ करतो, असे भगवंतांचेच आश्वासन आहे (७।२१). देव जी श्रद्धा स्थिर करतो, ती उपटण्याचा अधिकार माणसाला कोठून आला?

ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत आणली, तेव्हा हीच वृत्ती त्यांनी राखली. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि त्यांच्यापुढे लेकराच्या नात्याने उभे राहतात. अवधान हे मागून घ्यावयाचे असते. हुकूम सोडून कान वळतात, मन वळत नाही.

शंका आणि समाधान

येथे कोणी अशी शंका घेईल की, अठराव्या अध्यायातच, अहंकाराने ऐकले नाहीस तर नाश पावशील, आणि नको म्हटलेस तरी तुझी प्रकृती तुला युद्धास लावील, असे सांगितले आहे (१८।५८–६०). मग स्वातंत्र्य राहिले कोठे? याचे उत्तर असे की, परिणाम दाखविणे म्हणजे बळजबरी नव्हे. विषाची परीक्षा घेऊ नये असे वैद्य सांगतो, पण रोग्याचे तोंड बांधून ठेवीत नाही. अर्जुनाचा क्षात्रस्वभाव त्याला स्वस्थ बसू देणार नाही, हे भगवंतांनी त्याच्या दृष्टीस आणून दिले. परंतु तेच कर्म प्रकृतीच्या ओढीने करावयाचे की समजून-उमजून करावयाचे, हा प्रश्न मोकळा राहतो. त्यासाठीच लगेच पुढे साकल्याने विचार करण्यास सांगितले आहे.

दुसरी शंका अशी की, मग अन्याय करणाऱ्यासही मोकळे सोडावयाचे काय? उद्योगपर्व याचे उत्तर देते. श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेले, भर सभेत दुर्योधनाला हिताचे सांगितले. भीष्म, द्रोण, विदुर आणि गांधारी यांनीही समजाविले. दुर्योधनाने मानले नाही, उलट श्रीकृष्णांनाच बांधण्याचा बेत केला. तेव्हा त्यांनी आपले सामर्थ्य प्रकट केले, परंतु त्या सामर्थ्याने दुर्योधनाची बुद्धी फिरवली नाही, ते परतले. दुष्कृत्याचा प्रतिकार पुढे रणांगणावर झालाच. तात्पर्य, कृतीस अटकाव करता येतो आणि प्रसंगी केलाच पाहिजे. पण विश्वास सक्तीने बसविता येत नाही. हाच विवेक लहान मुलांच्या बाबतीतही ठेवावा. वेळेवर उठणे, खरे बोलणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे ही शिस्त आईबापांनी लावावी. श्रद्धा मात्र शिस्तीने लागत नाही. ती घरातील आचरण पाहून उगवते.

उपदेश हेही कर्मच

मग इतरांस सांगूच नये काय? तसेही नाही. ज्याला तप नाही, भक्ती नाही, ऐकण्याची इच्छा नाही आणि जो निंदा करतो, त्याला हे सांगू नये, असा निर्बंध सदुसष्टाव्या श्लोकात आहे. पण लगेच पुढच्या दोन श्लोकांत, भक्तांना हे ज्ञान सांगणाऱ्याहून अधिक प्रिय दुसरा कोणी नाही, असे म्हटले आहे. दोन्ही वचने एकत्र वाचावीत. मौन आणि आग्रह या दोहोंच्या मधून वाट काढण्याची किल्ली दुसऱ्या अध्यायातील सुप्रसिद्ध सत्तेचाळिसाव्या श्लोकात आहे. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही; फळाची आसक्ती नको, तशीच अकर्माचीही नको. उपदेश हेही एक कर्मच आहे. सांगणे हे त्याचे कर्म आणि ऐकणाऱ्याने मान्य करणे हे त्याचे फळ. ‘मी सांगितले, मग त्याने मानलेच पाहिजे’ ही फलासक्ती होय. ‘तो मानणारच नाही, मग सांगू कशाला’ ही अकर्माची आसक्ती होय. शेतीभाती, व्यापार, नोकरी यांत निष्काम राहण्याचा यत्न करणारा गृहस्थ पुष्कळदा याच एका ठिकाणी सकाम राहतो, कारण येथे त्याची कामना धर्माचे वस्त्र नेसून आलेली असते.

भगवंतांनी शेवटी आज्ञा केली नाही, प्रश्न विचारला. एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, अज्ञानातून आलेला मोह गेला ना, एवढेच त्यांनी विचारले (१८।७२). ‘माझे मानशील ना?’ हा प्रश्न त्यात नाही. अर्जुनाने आपण होऊन, संशय फिटला, आता सांगितल्याप्रमाणे करीन, असे उत्तर दिले. तो होकार त्याचा स्वतःचा होता. म्हणूनच तो टिकला.

ज्या वडिलांचा उल्लेख वर केला, त्यांच्यासाठीही मार्ग बंद झालेला नाही. त्यांनी आपला पाठ चालू ठेवावा. मुलगा घरी येईल तेव्हा प्रथम त्याचे क्षेमकुशल विचारावे आणि ऐकून घ्यावे. आजवर ज्या शंका दडपल्या, त्यांतील एखादी आपण होऊन आठवावी आणि तिचे उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे प्रांजळपणे सांगावे. मुलगा गीतेकडे वळेल किंवा वळणार नाही. परंतु वडिलांच्या अंगी समत्व आलेले त्याला दिसेल आणि गीतेविषयी याहून खरी साक्ष कोणत्याही प्रवचनातून मिळत नाही.

मननासाठी

१. गेल्या महिन्यात घरातील कोणास आपण न विचारता उपदेश केला? त्यापूर्वी त्याचे म्हणणे पुरते ऐकले होते काय?

२. आपले म्हणणे कोणी नाकारले असता मनात क्षोभ होतो, तो सत्यासाठी होतो की आपल्या शब्दाच्या मानासाठी?

३. अध्याय १८, श्लोक ५८ ते ७३ सलग वाचून इशारा, उपदेश, मोकळीक आणि प्रश्न हे चार भाग वेगळे करून पाहावेत.